गीताबाईबद्दल चार शब्द

गीताबाईच्या जलदानविधीला मंडप भरला होता आणि तिच्या लेकीच्या, सुगंधाच्या, डोक्यात तिडीक उठली होती. आई गेल्याचं दुःख तर होतंच. पण माईकवर येणारा एकेक वक्ता जी बाई सांगत होता, ती सुगंधाच्या ओळखीचीच नव्हती.

त्रिशरण-पंचशील झालं, मेणबत्त्या लागल्या आणि आदरांजली सुरू झाली. मुरबाडहून आलेले पुढारी म्हणाले, गीताबाई अत्यंत शांत स्वभावाच्या होत्या. शांत! बांधावरून भांडायला उभी राहिली की अर्धं गाव घरात शिरायचं. दुसरे म्हणाले, त्यागमूर्ती. कसला त्याग, कुठला त्याग, ते काही सांगेनात. तिसऱ्याने तर तिला सखूबाई केलं आणि तसंच भाषण रेटलं. जेवण तयार होतं, माणसं उन्हाने कातावली होती आणि फोटोतली गीताबाई नेहमीसारखी कपाळाला आठी घालून सगळं ऐकत होती.

फोटोशेजारी पांढऱ्या सदऱ्यात नरेंद्र हात जोडून उभा होता. सुगंधाचा धाकटा भाऊ. वाशिंदला कंपनीत होता, तिथेच घर घेतलं होतं. सकाळी आल्या आल्या त्याने तिला पडवीत बाजूला घेतलं.

"ताई, तू बोलशील तवा जरा आवरून बोल. घरातलं जुनं काय काढू नको. श्वेताच्या सासरची माणसं येतायत."

श्वेता त्याची मुलगी. तिचं लग्न नुकतंच ठरलं होतं. सुगंधा "बरं" म्हणाली खरी, पण ते बोलणं तिच्या जिव्हारी लागलं. जुनं म्हणजे काय, हे काय तिला कळत नव्हतं? ज्या बाईने जीव लावला, तिचीच लाज वाटायला लागली की काय याला?

भातसाचं धरण बांधत होते तेव्हाची गोष्ट. सुगंधाचा बाप रामा तिकडे मजुरीला असायचा, सणावाराला घरी यायचा. एकदा आला तो लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेलं पोर घेऊन. पोराची आई कामावरची बाई, बाळंतपणात गेलेली. बाप कोण, ते रामाने खाली मान घालून सांगितलं. गीताबाईचं स्वतःचं तान्हं तेव्हा नुकतंच गेलं होतं. तिने नवऱ्याला नाही नाही ते सुनावलं, त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. सहा-सात वर्षांची सुगंधा दाराआडून बघत होती. तेवढ्यात पोर भुकेनं कळवळलं. "आण इकडं मेल्या," म्हणत गीताबाईने ते ओढून घेतलं आणि पदराखाली धरलं. तेच पोर नरेंद्र.

त्यानंतर घरात त्यावर अवाक्षर निघालं नाही. नरेंद्र मोठा झाल्यावर आईने त्याला कधीतरी सांगितलं असणार, असं सुगंधा धरून चालली होती. खोटं कशाला बोला, लहानपणी त्याचे लाड बघून तिच्या पोटात दुखायचं. पण स्वतःला पोरं झाली, तेव्हा आईने काय केलं होतं ते तिला कळलं. आईने आयुष्यात एवढी मोठी गोष्ट केली, आणि लोकांनी तिची आठवण काढायची ती शांत स्वभावाची म्हणून?

"आता गीताबाईंच्या कन्या चार शब्द बोलतील," सूत्रसंचालन करणाऱ्या प्रणयने पुकारलं.

सुगंधाने माईक धरला. सुरुवात बरी झाली. आईची भांडणं सांगितली तसे बायकांच्या बाजूला पदर तोंडाला लागले, हसू दाबलं गेलं. मग तिची नजर नरेंद्रकडे गेली. तो हाताने खुणावत होता, आटोपतं घे. तिचा तोल तिथेच गेला.

तिने सगळं सांगितलं. धरण, फडकं, पदराखाली धरलेलं पोर. "दुसरीच्या पोराला तिनं माझ्यापेक्षा जास्त केलं," ती म्हणाली, "आणि त्या पोराला आज तिची लाज वाटते."

आता लोकांचे डोळे भरतील, आता तरी आई कोण होती ते कळेल, असं तिला वाटलं. पण मंडपातली म्हातारी माणसं एकेक करून माना खाली घालत गेली.

नरेंद्र तिच्याकडे बघत होता. "कोणाचं पोर, ताई?" त्याने विचारलं.

"तूच बोललास ना रे सकाळी," सुगंधा चाचरली, "जुनं काढू नको म्हणून."

"मी बाबांच्या दारूचं बोलत होतो."

बायकांमधून ठकीमावशी शेजारणीच्या खांद्यावर हात देऊन उठली. गीताबाईच्या बरोबरीची तीच एक उरली होती. "गीती घरोघर फिरली व्हती तवा," ती म्हणाली. "या पोराला कोनी दुसऱ्याचं बोलायचं नाय, असं वचन घेतलंन आमच्याकडून. अख्ख्या गावानं पाळलं गो. तिच्याशी भांडलो, तोंड बघायचं टाकलं, पन हे कोनाच्या तोंडून गेलं नाय. आमची मानसं मेली ती पोटात ठेवून मेली. आन् तू तिची लेक." ती खाली बसली.

सुगंधाला जमीन दुभंगावी असं वाटलं. आईची एवढी मोठी आठवण सगळं गाव रोज जपत होतं, आणि ती एकटी समजत होती की लोकांना ठाऊक नाही. श्वेता उठून बापाजवळ गेली आणि नुसती उभी राहिली. तिच्या सासरची माणसं सतरंजीकडे बघत होती. सुगंधाने "नरू" म्हणून हाक मारली, पण माईक हातातच होता, त्यामुळे ती हाक सगळ्या मंडपाला ऐकू गेली आणि नरेंद्रने काही वर बघितलं नाही.

कोणीतरी प्रणयला खुणावलं, कार्यक्रम पुढे ने. त्याने सुगंधाच्या हातून माईक घेतला, घसा खाकरला.

"आता कुटुंबाच्या वतीने आभार मानतील," तो म्हणाला, "गीताबाईंचे..."

आणि तो थांबला. नरेंद्रला गीताबाईचा मुलगा म्हणताना गावातलं माणूस आजवर कधी अडखळलं नव्हतं.