खुडूक कोंबडी आणि गावपळण

आमच्या दक्षिण कोकणाला नावामागे गाव लावायची भारी हौस. आजगाव, मळगाव, कोलगाव, शिरगाव... मोजत बसलं तर ताटातली पेज निवून जाईल. खेरवण मात्र नुसतंच खेरवण. नावात गाव नाही म्हणून की काय, खेरवणकरांनी तो शब्द बाकी सगळीकडे ठासून भरला होता. जमिनीचा मानकरी तो गावकर, देवळाचा कारभार ती गावरहाटी, जत्रेतली पंगत ते गावजेवण. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे गावपळण.

गावपळण म्हणजे काय, तर दर तीन वर्षांनी, भात झोडून कणगीत पडलं की देव सांगतो, उठा आणि चालते व्हा. मग तीन दिवस नि तीन रात्री अख्खा गाव शिवेबाहेरच्या सड्यावर, वरच्या उघड्या कातळावर. माणसं तर जायचीच. गाईगुरं, कुत्री, मांजरं, कोंबड्या, सगळं जित्राब बरोबर न्यायचं. मागे दिवा नाही, चूल नाही, श्वास घेणारं काही नाही. का, ते विचारू नये. विचारणाऱ्याला खेरवणात 'शाणो' म्हणत, आणि ती शिवी होती.

सत्तावन्न सालच्या पळणीची कृष्णाबाईइतकी वाट साऱ्या गावात दुसऱ्या कोणी पाहिली नसेल. दिवाळीपासून ती बोटं मोजत होती.

कृष्णाबाई मूळची रेडीची. नवरा मासेमारीच्या होडीवर कामाला म्हणून खेरवणच्या किनाऱ्यावर आला आणि वर्षाच्या आत तापाने गेला. ती राहिली. बारा वर्षं डोक्यावर मासळीची पाटी घेऊन तिने खेरवणची एकूण एक पायरी झिजवली. कोणाच्या सासऱ्याला बांगडा बाधतो, कोणाच्या बाळंतिणीला मोरी मासा लागतो, सगळं तिला तोंडपाठ. पण पळणीवरून परतताना शिवेवर घरटी एक नारळ फोडायची रीत होती. त्याला गावचा नारळ म्हणत. ज्या घरचा नारळ फुटला ते घर गावातलं. कृष्णाबाईच्या घरचा नारळ बारा वर्षांत एकदाही कोणी मागितला नव्हता. सगळे नारळ फोडून झाले की ती आपली पाटी उचलून सर्वांच्या मागून गावात शिरायची.

या खेपेला तिने जिवाचा धडा केला आणि मुख्य मानकरी दाजी गावकरांचं अंगण गाठलं.

"दाजीनू, ह्या वक्ताक माझो नारळ घेतल्यात काय?"

दाजींनी पानाला चुना लावता लावता तिच्याकडे पाहिलं. "पळण सुखरूप पार पडांदे. मगे बघूया."

दाजींना नाही म्हणायचं असलं की ते सरळ नाही म्हणत आणि वर चार शब्द सुनावत. त्यांचं 'बघूया' म्हणजे बारा आणे होकार. कृष्णाबाई घरी आली ती जवळजवळ धावतच. त्याच दिवशी तिने नारळ निवडला, कानाशी हलवून पाणी ऐकलं, आणि लग्नातल्या लुगड्यात गुंडाळून ठेवला.

आता दैव बघा कसं खोडसाळ असतं. पळणीच्या सकाळी ढोल वाजायला लागला आणि तिची तांबडी कोंबडी लाकडांच्या ढिगामागे खुडूक बसलेली. अकरा अंडी. आज विसावा दिवस. कृष्णाबाईने तिला उचलायला हात घातला तर तिने असा टोचा मारला की बोटातून रक्त आलं. एक अंडं हाती लागलं, ते तिने कानाशी धरलं. आतून बारीक टकटक ऐकू आली.

मूलबाळ झालं नव्हतं तिला. ती टकटक ऐकली आणि तिने कोंबडीकडे नेलेला हात मागे घेतला. आता उठवलं तर अंडी गार पडणार, म्हणजे अकराच्या अकरा गेली. बाहेर ढोल जवळ येत होता, शेजारची तुळसा कुंपणावरून हाका मारत होती. कृष्णाबाईने अंडं परत कोंबडीखाली सरकवलं, करवंटीत पाणी ठेवलं, मूठभर कणी टाकली, रिकाम्या खुराड्यावर फडकं बांधलं आणि ते डोक्यावर घेऊन निघाली. देवाशी लबाडी! आणि तीही कोणत्या वर्षी, तर नारळाच्या वर्षी.

सड्यावर म्हणाल तर नुसता जल्लोष. दुपारपर्यंत झावळ्यांच्या खोपींचा दुसरा खेरवण उभा राहिला. शेजारी तेच, भांडणंही तीच, फक्त मधल्या भिंती नाहीत. त्यामुळे कोणाच्या सांबाऱ्यात खोबरं कमी पडलं ते सगळ्यांना दिसायचं. बायका फुगड्या घालत होत्या, बाप्ये भजनात घसा बसवत होते. खाली तिठ्यावर नव्याने सुरू झालेली एसटी येऊन उभी राहिली. कंडक्टर उतरला, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. चिटपाखरू नाही. त्याने घंटी मारली, ड्रायव्हरने भोंगा वाजवला. वरून दोनशे माणसं एकदम "ओ..." करून ओरडली, तसा कंडक्टर टोपी सावरत गाडीत चढला आणि गाडी धूळ उडवत पळाली. त्या हसण्यात कृष्णाबाईही पोट धरून हसली. मग तिला कोंबडी आठवली आणि तिने पदर तोंडाला लावला.

गुरुदास गुरुजी त्या वर्षी राष्ट्रभाषेच्या परीक्षेने झपाटले होते. काजूच्या झाडाला फळा टांगून त्यांनी सड्यावरसुद्धा हिंदीचा वर्ग भरवला.

"हा शब्द बघा," ते फळ्यावर खडू आपटत म्हणाले. "उत्तरेत जा, डोक्यावर चंद्रबिंदू घेऊन गाँव म्हणून भेटेल. आपल्याकडे आलात की गाव. हिंदुस्थानात लाखो गावं आहेत, पण सगळा गाव उठून चालू पडतो तो आपला!" मग त्यांनी मोठ्याने म्हणत भराभर यादी लिहिली. गावकर, गावकी, गावरहाटी, गावजेवण, गावदेवी, गावपळण.

कृष्णाबाई पाण्याची घागर घेऊन जाता जाता थबकली. "गुरुजी, ह्यातला माका खंयचा लागता?"

गुरुजी माणूस सरळ, पण शिक्षकाला उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. त्यांनी यादीच्या तळाशी लिहिलं, परगाव. लिहून झाल्यावर त्यांना बाईचा चेहरा दिसला आणि त्यांनी घाईघाईने फळा पुसला. पण अक्षरं वाचता न येणाऱ्या बाईलाही त्यांच्या त्या घाईवरूनच काय लिहिलं ते कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने मनात हिशेब केला, आज पिल्लं बाहेर आली असतील. तिला इतका आनंद झाला की तिने तुळसाला धरून दोन फुगड्या घातल्या. दुसऱ्या क्षणी तिला इतकी भीती वाटली की ती खोपीत जाऊन नारळाला हात लावून बसली. पळण संपेपर्यंत हे असंच चाललं.

चौथ्या दिवशी सकाळी कौल. शिवेवरच्या पाषाणाला भिजवलेल्या पाकळ्या लावायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवीकडची पाकळी पडली की गाव परतायला मोकळा. सगळ्यांनी गाठोडी बांधली होती. गुरं दावी ओढत होती. दाजी हात जोडून उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, तीन दीस तीन राती तुझो गाव तुका मोकळो करून दिलो."

"व्हय म्हाराजा!" गाव गरजला.

"आता लेकरांका घराक जावचो हुकूम दी."

"व्हय म्हाराजा!"

पाकळी पडेना. उजवी नाही, डावीही नाही. ऊन डोक्यावर आलं. पोरं रडायला लागली, गुरं हंबरायला लागली. दाजींनी दोनदा गाऱ्हाणं घातलं, तिसऱ्यांदा घातलं. पाकळ्या आपल्या जागी चिकटून. शेवटी ते वळले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"देव रुसलो हा. कोणाच्या घरात जित्राब रवला काय? खरा सांगा."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कृष्णाबाई आपल्या पायांकडे बघत राहिली. गप्प राहिलं तर कोणाला कळणार? कोंबडी काही साक्ष द्यायला येत नाही. नारळ बगलेत होता, गावात शिरायला चार पावलं उरली होती. आणि ही दोनशे माणसं, म्हातारी, तान्ही, उन्हात तिच्यापायी तिष्ठत होती. तिने नारळ खाली ठेवला आणि पुढे झाली.

"दाजीनू, माझी कोंबडी मागे रवली." तिने मान वर केली. "रवली नाय, मीच ठेवलंय. अकरा अंड्यांर बसलेली. आतसून टकटक आयकाक येय होती. उठवूक माझो हात धजावलो नाय. काय शिक्षा ती माका करा, पण गावाक घराक जावंदे."

एकदम कालवा उठला. परशुराम नावाचा गडी, आवाजाने मोठा, तो पुढे सरसावला. "बारा वर्सां झाली तरी परगावच्या माणसाक रीत कळाक नाय!"

कृष्णाबाईने मान खाली घातली. नारळ गेला, हे तिने मनोमन धरलं.

"गप रव रे," तुळसा अचानक ओरडली. "माझी मांजर माळ्यार व्याली हा. चार पिलां, डोळेसुद्धा उघडूक नाय. मीय ठेवलंय."

लोक आता तुळसाकडे वळले, तोच बाळा शेतकरी डोकं खाजवत म्हणाला, "माझो म्हातारो बैल. तेचे गुडघे गेले. ही घाटी तो कसो चढतलो? गवत घालून इलंय."

"अरे, मगे ही पळण की चेष्टा!" परशुराम तापला.

त्याची बायको सावित्री मागूनच म्हणाली, "आणि आमचो तो झुंजीचो कोंबो? हडे सड्यार हाडलो तर दुसऱ्यांच्या कोंब्यांका फोडीत म्हणान न्हाणीत कोंडून कोणी ठेवलो?"

कोणीतरी फिस्सकन हसलं, मग कोणाला आवरेना. सड्यावर हशा उसळला. फक्त दाजी हसत नव्हते. ते पाषाणाकडे तोंड करून उभे होते, आणि त्यांचे कान लाल झाले होते.

"माझ्या बावीत कासव आसा," ते हळूच म्हणाले.

सगळ्या माना दाजींकडे वळल्या.

"आजोबांनी सोडललो. साठ वर्सां झाली. एका पळणीकसुद्धा मी तेका भायर काढूक नाय." त्यांनी डोळे पुसले आणि पाषाणाला हात जोडले. "बा देवा म्हाराजा, तुका सगळा म्हायत होता. आमीच एकमेकांपासून लपयत होतो. पदरात घी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

उजवीकडची पाकळी टप्पकन खाली पडली.

काय तो आरडाओरडा! ढोल वाजले, गुरं दावी तोडून उतरणीला लागली. गावकऱ्यांनी नारळ पुढे केले, सर्वांच्या पुढे परशुराम. दाजींनी त्याला हाताने मागे सारलं.

"किसनाबाय, नारळ हाडलंस मां?"

तुळसाने तिला ढोसलं, तेव्हा कुठे ती नारळ उचलून पुढे आली.

"पयलो मान गावकरांचो, दाजीनू," परशुराम पुटपुटला.

"पयला खरा जेणी सांगितला, तेचो पयलो नारळ." दाजींनी पाषाणावर तिचा नारळ घातला. एका घावात दोन शकलं झाली, आणि गोड पाण्याचे थेंब तिच्या पायावर उडाले. कृष्णाबाई घळाघळा रडली आणि त्याच दमात हसली.

ती घाटी ती चालत उतरली की उडत, हे तिलाही सांगता आलं नसतं. बारा वर्षांत पहिल्यांदा तिच्यामागे माणसं होती. अंगणाची काठी काढून ती आत शिरली, तर पायरीवरच तांबडी, आणि तिच्या पायांत नऊ पिवळे गोळे तुरुतुरु पळत होते.

"बाये माझे!" म्हणून ती वाकली मात्र, कोंबडी पिसं फुलवून तिच्या अंगावर धावून आली. तीन दिवस सगळा गाव तिच्या एकटीचा होता. आता हे कोण उपरं दारात आलं? तिने कृष्णाबाईच्या पायाला कचकन टोच मारली. कृष्णाबाई लुगडं सावरत अंगणभर पळत सुटली, हातात नारळाचं शकल, डोळ्यांत पाणी, आणि आवाज असा की पलीकडे तुळसाच्या माळ्यावरच्या पिल्लांनीही ऐकला असेल.

"अगो सटवे, वळखूक नाय माका? गावची आसंय गो मी! गावची!"