पिवळं पाणी कोणी तपासलं?

दर गुरुवारी कोपरखैरण्यात देवजी भगताच्या अंगणात मुंगीला शिरायला जागा नसे. भगत काविळीच्या रोग्याच्या तळहातांवर तपकिरी अंगारा चोळी, तांब्यातलं पाणी सोडी, आणि परातीत पिवळंजर्द पाणी उतरे.

“बगा, निघाली कावीळ! डाक्टर कागद खरडतो, ह्यो देवजी रोग धुतो! सात पिढ्यांची इद्या हाय!”

आठव्या पिढीला गोवर आला तेव्हा भगतानं पोराला गुपचूप डॉक्टरकडंच नेलं होतं. तो विषय कोणी काढत नसे.

त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याऐंशी साली, श्यामसुंदर गुरुजींनी सातवीकडून ‘आपलं गाव’ हे भित्तिपत्रक करून घेतलं. नियम कडक होता. प्रत्येक माहितीखाली ती कुणी सांगितली, स्वतः पाहिली की पुस्तकात वाचली, ते लिहायचं. पुस्तकाचं नाव, पान, सगळं. मुलं म्हाताऱ्यांना मिठागरांबद्दल विचारून टिपणं काढत होती. शेवटी एक कोपरा मोकळा राहिला. गुरुजींनी घाईघाईत स्वतःच लिहून टाकलं, ‘देवजी भगतांच्या उपचाराने शेकडो रुग्ण बरे झाले.’ खाली काहीच नाही. गुरुजींना कोण विचारणार?

सलिमानं विचारलं. “गुरुजी, ह्याच्याखाली नाव नाही.”

“अगं, सगळ्या गावाला ठाऊक आहे.”

“मग मी गावालाच विचारते.”

गुरुवारी ती टिपणं घेऊन आली. “गुरुजी, ज्याला विचारावं तो म्हणतो, शाळेच्या भिंतीवर लिहिलंय. तुम्हाला कोणी सांगितलं?”

गुरुजींना चहाच्या टपरीवर हे सांगणारा बाजीराव आठवला. बाजीराव भगताकडं पाणी भरायचा.

“कावीळ झालेल्या दत्तूकाकांनी ठाण्याच्या डॉक्टरांची औषधं सोडली,” सलिमा हळूच म्हणाली. “त्यांच्या घरची बायजामावशी म्हणते, मास्तरांनी लिवलंय म्हंजे खरंच.”

“तू स्वतः काय पाहिलंस?”

“भगताच्या अंगणात आंब्याच्या साली वाळत होत्या. अंगारा त्यांचाच कुटतात. आन् तांब्याच्या तळाशी पांढरा साका होता, चुन्यासारखा.”

गुरुजींनी साल कुटली, चुन्याची निवळी केली आणि स्वतःच्या हातांवर प्रयोग केला. धडधाकट माणसाच्या हातांतून पिवळंजर्द पाणी ओघळलं. ते तसेच भगताच्या अंगणात गेले. रांगेत दत्तू बसला होता, डोळे हळदीसारखे. बायजाबाईनं त्याला पाठीमागून धरलं होतं.

गुरुजींनी सगळ्यांसमोर पुन्हा हात धुतले. परातीत तेच पिवळं पाणी उतरलं.

“मला कावीळ नाही. आता भगत, तुमचे हात द्या.”

भगतानं हात धोतरात लपवले. “देवाची परीक्षा घेता व्हय?”

“देवाची नाही, चुन्याची घेतोय.”

कुणीतरी हसलं. बायजाबाई हसली नाही. “मास्तर, मंग तुमी भिंतीवर का लिवलं?”

“न विचारता लिहिलं,” गुरुजी म्हणाले. “चूक माझी.”

टेम्पोत घालून त्यांनी दत्तूला ठाण्याला नेलं. डॉक्टरांनी शर्थ केली, पण यकृत पार गेलं होतं. दत्तू परत आला नाही. गुरुजी भेटायला गेले तेव्हा बायजाबाईनं ‘बसा’ म्हटलं नाही. ते दारातच उभे राहिले. तिच्या जागी तेही तसंच वागले असते.

दुसऱ्या दिवशी गुरुजी वर्गात आले. मग म्हणाले, “कावीळ बरेचदा आपोआप बरी होते, त्याचं श्रेय भगत खातो. जे गेले, त्यांची गोष्ट सांगायला कोणी येत नाही. म्हणून कोणी काहीही सांगितलं, तर विचारा: कशावरून? कोणी पाहिलं? तपासलं कोणी? साधू असो, पुढारी असो, छापील पुस्तक असो, विचारल्याशिवाय सोडू नका.”

त्यांनी सलिमाकडं पाहिलं.

“आणि सुरुवात माझ्यापासून करा.”