तिसऱ्या पायरीवरचा आवाज

मायकल डाबरेंनी फोन पोपटरावांच्या तोंडासमोर धरला आणि बसचा एसी बंद करायला सांगितला.

"घरघर येते मागे. हं, आता म्हणा. रोज ओरडता तसंच."

"पण सायेब, बॉल कुठंय?" पोपटराव म्हणाले. "बॉल बगितल्याबिगर हाण कसं म्हणू?"

"समजा आहे म्हणून. कॉलेजच्या पेजसाठी हवंय. सगळ्यांना आवडेल."

पोपटरावांनी स्टिअरिंग घट्ट धरलं आणि डोळे मिटले. कमरेइतक्या उंचीचा, सरळ येणारा एक चांगला बॉल त्यांनी स्वतःसमोर आणला. तो टाकणाऱ्याच्या, पिचरच्या, मनगटातून सुटेपर्यंत थांबले.

"येऊ दे... येऊ दे... हाण!"

तीनदा म्हणून घेतलं. मायकलनी तिसरं ठेवलं, आभार मानले आणि ऑफिसात निघून गेले. कॉलेजचे सगळे कार्यक्रम त्यांच्याकडे असत, त्यामुळे माणूस कायम घाईत. त्या संध्याकाळी पोपटरावांनी बायकोला फोनवर सांगितलं, की कॉलेजने माझा आवाज घेतलाय. कशासाठी, असं तिने विचारल्यावर मात्र त्यांना नीट सांगता येईना.

सांगणार तरी काय? जिंतूरकडच्या माणसाला बेसबॉल समजावून सांगायचा म्हणजे बैलाला मोबाइल दाखवण्यातला प्रकार. पोपटरावांना स्वतःलाच तो कळायला दोन सीझन लागले होते. ते कॉलेजच्या टीमचे ड्रायव्हर. कतारमधल्या मुऐदरच्या पुढे मैदान, तिथे पोरांना सोडायचं आणि मॅच संपेपर्यंत थांबायचं, एवढंच काम. बाकीचे ड्रायव्हर सीट मागे पाडून घोरत. पोपटरावांना दिवसा झोप येत नसे, म्हणून ते लोखंडी पायऱ्यांवर जाऊन बसले. आठ पायऱ्या, आणि सगळ्या रिकाम्या. फुटबॉलला ढोल, झेंडे आणि फुकटचा शवर्मा. बेसबॉलला पोरांचे आईबापसुद्धा नाहीत. पोपटरावांनी तिसरी पायरी धरली, कारण पिचरचं मनगट तिथूनच नीट दिसायचं.

पहिल्यांदा ते ओरडले ते राहवलं नाही म्हणून. मार्विन, मायकलसाहेबांचाच मुलगा, येईल त्या बॉलवर बॅट फिरवत होता. गावाकडे कबड्डीच्या मैदानावर पोपटरावांचा आवाज दोन वस्त्यांपलीकडे जायचा. तोच इथे बाहेर पडला. "अरे, येऊ दे की त्याला!" मार्विन दचकला, थांबला, बॉल बाहेरून गेला. पुढचा बॉल सरळ आला तेव्हा पोपटराव म्हणाले, "हाण!" आणि पोराने हाणला.

तेव्हापासून रीतच पडली. चांगला बॉल असला तरच हाण. वाईट असला की पोपटराव गप्प बसायचे आणि पोरं बॅट खांद्यावरच ठेवायची. असे चार वाईट बॉल सोडले की पहिला बेस न पळता फुकट मिळतो, हे पोपटरावांना फार आवडलं होतं. गप्प राहण्याचे मार्क देणारा खेळ त्यांनी आधी कधी पाहिला नव्हता. परतीच्या वाटेवर मार्विन ड्रायव्हरच्या पाठची सीट धरायचा. तो घरात मराठी ऐकायचा आणि इंग्रजीत उत्तर द्यायचा; पोपटरावांशी मात्र मोडकंतोडकं का होईना, मराठी बोलायचा.

"अंकल, तुम्हाला कसं कळतं?"

"मनगट बगायचं, बाबा. तोंड न्हाई बगायचं. तोंडानं कुणीबी फसवतंय."

यंदा टीम फायनलला गेली. तसं झाल्यावर सगळ्यांना एकदम आठवलं, की आपल्याकडे बेसबॉलची टीम आहे. स्पॉन्सर आला, स्पीकर आले, पायऱ्यांवर गाद्या आल्या. प्रत्येक खेळाडूला घरच्यांसाठी दोन पास मिळाले. मार्विनची आई लिझी हॉस्पिटलात नर्स. तिची त्या शुक्रवारी ड्युटी. तिचा पास मार्विनने पोपटरावांच्या हातात ठेवला.

"तिसरी पायरी, अंकल. तुम्ही नसलात तर मी हाणणार नाही."

पोपटरावांनी नऊ वर्षांत पहिल्यांदा एका शुक्रवारसाठी ड्युटी बदलून मागितली. टीमची बस त्या दिवशी एका मल्याळी ड्रायव्हरकडे दिली. त्यांना ड्रायव्हर म्हणून आत जायचं नव्हतं. पास दाखवून जायचं होतं. थोरल्या मुलीच्या लग्नातला शर्ट ट्रंकेतून काढला, इस्त्री केली, दोन बस बदलून मैदानावर पोहोचले. तो पास त्यांनी वाटेत चार वेळा तरी खिशातून काढून पाहिला असेल.

गेटवर मायकल टॅब्लेट घेऊन उभे होते. त्यांनी पास पाहिला, मग पोपटरावांकडे पाहिलं.

"हा लिझीच्या नावाचा आहे, पोपटराव."

"मार्विनबाबानं दिला. म्हणला, तिसऱ्या पायरीवर बसा."

"त्याला काय कळतंय. आज फॅमिली ओन्ली आहे. बॅचलरना आत नाही घेता येत. तुम्हाला माहीत आहे इथलं."

बायको, दोन मुली, एक जावई आणि श्रावणात येणारं नातवंड, एवढं असूनही पोपटराव कतारमध्ये बॅचलर होते, कारण ते सगळं जिंतूरला होतं. हे त्यांना माहीत होतं. शुक्रवारी, फॅमिलीच्या दिवशी, कुठल्या मॉलच्या दारात जायचं नाही, हेही माहीत होतं. या आठ पायऱ्याही कधी मॉल होतील, हे तेवढं ध्यानात आलं नव्हतं. मायकलचा आवाज जराही वाईट नव्हता, आणि तोच पोपटरावांना जास्त लागला.

"मी मागं उभा ऱ्हातो, सायेब. कोपऱ्यात."

"लिस्ट मी केलीय, पोपटराव. मीच मोडली तर मला विचारतील." मायकलनी खिशातून बसची किल्ली काढली. "आलाच आहात तर एक काम करा. तो ड्रायव्हर दुसरी गाडी घेऊन पाहुण्यांना आणायला गेलाय, लवकर येत नाही. मॅचनंतर पोरांना तुम्हीच घेऊन जा. प्लीज."

पोपटरावांनी किल्ली घेतली. का घेतली, हे ते पुढे बरेच दिवस स्वतःला विचारत राहिले.

पार्किंग कुंपणाच्या पलीकडेच होतं, पण जाळीवर स्पॉन्सरचं भलंमोठं कापड ताणलेलं. दिसत काहीच नव्हतं. पोपटराव बसच्या पायरीवर बसून कानांनी मॅच पाहू लागले. बॅट अल्युमिनियमची असल्याने फटका नीट बसला की टण् असा आवाज यायचा. स्पीकरवरचा माणूस आकडे सांगत होता. सात डाव झाले तरी दोघांत एकाच रनचा फरक होता, आणि आपण मागे होतो.

आठव्या डावात स्पीकर खरखरला.

"येऊ दे... येऊ दे... हाण!"

पोपटरावांनी मान वळवून मागे पाहिलं. मग कळलं, हा फोनमध्ये घेतलेला आपलाच आवाज. अंगावर काटा आला. खोटं कशाला बोला, बरंही वाटलं. आतली माणसं हसली आणि मग सगळ्यांनी मिळून आरोळी दिली, "हाण!" त्या आठ पायऱ्यांवर एवढा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या बॉलला पुन्हा तेच. तिसऱ्याला पुन्हा. पोपटरावांच्या लक्षात आलं, की दोन 'येऊ दे' आणि एक श्वास, की हाण. दर वेळी तेवढाच श्वास. बॉल कधी लवकर येतो, कधी उशिरा, कधी येण्याच्या लायकीचाच नसतो. बॉल येत असताना असं काही वाजवत नाहीत, पण ज्याच्या हातात बटण होतं त्याला हा खेळ ठाऊक नव्हता. टण् होत नव्हतं. एकेक पोरगं बाद होत गेलं, मग नववा डाव, तिथेही तेच.

ते उठून गेटकडे जवळजवळ धावले.

"सायेब, ते बंद करा. पोरं त्याच्यावर हाणायलीत."

"पोपटराव, लोकांना मजा येतेय. स्पॉन्सरने आत्ताच विचारलं, कुणाची आयडिया म्हणून."

"वाईट बॉलला हाण म्हणतंय ते, सायेब. मी न्हाई तसं म्हणत."

"शेवटचाच डाव आहे. इन्शाल्ला होईल सगळं नीट." मायकलनी टॅब्लेटकडे पाहिलं आणि आत वळले.

स्पीकरवरच्या माणसाने नाव घेतलं. मार्विन डाबरे. दोन गडी बाद, तिन्ही बेसवर आपली पोरं. पोपटराव जाळीच्या कापडाला तोंड लावून उभे राहिले. स्पीकरवरच्या आकड्यांवरून एकेक बॉल मोजला. तीन वाईट सुटले होते, दोन चुकले होते; तिसरा चुकला की बाद. आणखी एक वाईट सोडला की सगळी एकेक बेस पुढे सरकणार, तिसऱ्यावरचं पोरगं फुकट रन पुरी करणार आणि बरोबरी होणार. समोरचा पिचर त्यांनी या सीझनला चारदा पाहिला होता. अडचणीत आला की तो बाहेरचा टाकायचा आणि पोरं त्याच्या मागे जायची, हे तिसऱ्या पायरीवरून त्यांना पाठ झालं होतं.

"सोड रे, मार्विन!" ते ओरडले. "सोड त्याला!"

"येऊ दे... येऊ दे..." स्पीकर म्हणाला. तो त्यांच्यापेक्षा मोठ्या आवाजात ओरडत होता.

"हाण!"

टण् झालं नाही. मग आतून शेदीडशे माणसांचा उसासा ऐकू आला, आणि लगेच कुणीतरी गाणं लावलं.

पोरं एकेक करून बसमध्ये चढली.  मायकल दाराशी उभे राहून टॅब्लेटवर नावांपुढे टिक करत होते. मार्विन सगळ्यात शेवटी आला. टोपी हातात, डोळे लाल. पहिल्याच पायरीवर तो थांबला.

"अंकल, तुम्हाला माइक दिला ना? मला खूप बरं वाटलं." त्याचा आवाज फाटत होता. "इट वॉज वे आउटसाइड. मला दिसत होतं. पण तुम्ही हाण म्हणालात."

 पोपटरावांनी दाराच्या काचेतून मायकलकडे पाहिलं आणि थांबले. बोलायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ त्यांनी दिला. मायकलची मान खाली होती. बोट टॅब्लेटवर तसंच टेकलेलं होतं; यादी केव्हाच संपली होती.

"चुकलं माझं, बाबा," पोपटराव म्हणाले. "बस. बेल्ट लाव."

मायकलनी मान वर केली. काहीतरी बोलतील असं वाटलं. त्यांनी बसच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली.

"यल्ला, निघा, पोपटराव. उशीर होतोय."

पोपटरावांनी दार लावलं आणि आरशात पाहिलं. मार्विन पाठच्या सीटपाशी क्षणभर उभा राहिला, मग सगळ्या पोरांना ओलांडून अगदी शेवटच्या रांगेत जाऊन बसला.