भोपळ्याचे डूल

मी रिकाम्या कानांनी गल्लीच्या कोपऱ्यापर्यंतसुद्धा जात नाही. दळण आणायला निघाले तरी कानात काहीतरी असतं, आणि ते साडीला जुळणारं असतं. तासगावात याची चर्चा होते, ती होऊ दे. माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. शिवणारीच गबाळी दिसली तर बायका कापड कुणाच्या भरवशावर टाकणार? आमचे हे, म्हणजे अमृत, द्राक्षबागेतून मान वर करत नाहीत. त्यांना विचारलं, कानातलं कसं दिसतंय, तर म्हणतात, "कुठलं?" म्हणून मत विचारायचं ते सासूबाईंना. त्या निदान बघून नावं ठेवतात.

सासूबाई, तानुबाई, आटपाडीकडच्या. अर्धं आयुष्य मेंढरांमागं चालल्या, आता गुडघे कुरकुरतात. पण नऊवारीचा काठ पोटरीवर सरळ आलाय का हे बघितल्याशिवाय त्या उंबरा ओलांडायच्या नाहीत, आणि दंडातलं चांदीचं कडं दर सोमवारी राखेनं घासतात. म्हणजे नाद आमच्या घरात दोघींना आहे, बदनाम मी एकटी.

त्यांच्या गुडघ्यापायीच मला ते डूल मिळाले. मिरजेला दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरांचा नंबर यायला वेळ होता म्हणून मी सतारी करणाऱ्यांच्या गल्लीत चक्कर मारायला गेले. एका दुकानाच्या दारात एक मुलगी उभी होती. साधा पंजाबी ड्रेस, डोक्यावर ओढणी, आणि ओढणीच्या कडेतून डोकावणारे चंद्रकोरीसारखे तपकिरी डूल. त्यावर पांढरं बारीक फूल जडवलेलं. मी सरळ रस्ता ओलांडून गेले.

"कुठनं घेतलेस गं हे?"

"मीच केलेत," ती हळू आवाजात म्हणाली आणि मागं दुकानात बघितलं. "तंबोऱ्याच्या भोपळ्याचे."

तिचं नाव मिस्बाह. दुकान तिच्या वडिलांचं, बादशहाभाईंचं. तंबोऱ्यासाठी मोठा भोपळा आणतात, पाण्यात भिजवून समोरनं कापतात आणि त्या तोंडावर लाकडी झाकण बसवतात. कापून निघालेल्या तुकड्यातून तिनं हे केले होते. मी म्हटलं, मला असेच पाहिजेत, थोडे मोठे. महिन्याभरात तिनं दिले. हातात ठेवताना एवढंच म्हणाली, "ताई, हे घालून दुकानाकडं येऊ नका." मला वाटलं, वडील कडक असतील, पोरीनं नटलेलं खपत नसेल. मी जास्त विचारलं नाही.

वर्षातून एकदोनदा मी दुकानाला कुलूप लावून चित्रं किंवा कोरीव काम बघायला जाते. लोक म्हणतात, शिवणकामवालीला कशाला पाहिजेत चित्रं? आता काय सांगायचं? एकदा खिद्रापूरला जाऊन आले, तिथल्या देवळातल्या एका मूर्तीच्या पाठीवरची गाठ मनात धरून ब्लाऊज शिवला, आणि त्या लग्नसराईत निम्म्या तासगावानं तोच घातला. या वेळी औंधचं संग्रहालय ठरवलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "मीबी येती. यमाईचं दर्शन हुईल. तू बघ तुझ्या चित्रातल्या बाया." गाडी मीच चालवते. अंजिरी साडी, आणि कानात पहिल्यांदाच भोपळ्याचे डूल.

"कानात भोपळा घालून निघालीया," सासूबाई गाडीत बसता बसता म्हणाल्या. मग विट्याजवळ कधीतरी त्यांनी हात लांब करून एक डूल चाचपला. "हलकं हाय गं. माज्या बुगड्यांनी कान वघळलं. असलं असतं तवा, तर घातलं असतं."

संग्रहालयात त्या बाकावर टेकल्या आणि मी चित्रं बघत फिरले. जुन्या तैलचित्रांतल्या बायकांकडं मी कशी बघते ते सांगते: आधी गळा, मग बाही, मग पदर कुठं खोचलाय ते, आणि शेवटी कान. एका बाईच्या कानातला मोती चित्रकारानं नुसत्या एका ठिपक्यात काढला होता. जवळून बघितलं तर पांढऱ्या रंगाचा ठिपका, दोन पावलं मागं सरलं की मोती. मी चारदा पुढं-मागं झाले. राखणदार संशयानं बघायला लागला. मला इतका आनंद झाला होता की मी त्याला पण तो ठिपका दाखवला. त्यानं बघितला आणि "रोज हितंच असतो की मी," म्हणाला.

बाहेर येऊन फोन बघितला तर मिस्बाहचे कितीतरी मिस्ड कॉल. लावला, तर ती रडतच होती.

"ताई, डूल आहेत ना तुमच्याजवळ? हरवले नाहीत ना?"

"कानात आहेत. काय झालं?"

तिनं जे सांगितलं ते असं. त्यांच्या दुकानात एक पद्धत आहे. भोपळा कापला की निघालेला तुकडा फेकायचा नाही. भोपळ्यावर आणि तुकड्यावर कोळशानं एकच खूण करायची आणि वाद्य गिऱ्हाइकाच्या घरी जाईपर्यंत तुकडा भिंतीवरच्या खिळ्याला टांगायचा. काम चालू असताना भोपळा कुठं टवकला तर ठिगळ त्याच भोपळ्याचं लागतं. दुसऱ्याचं चिकटतं, पण वाळताना एक ओढतो आणि एक ओढत नाही, मग सांधा उकलतो. हे मिस्बाहला माहीत होतं. पण तो तंबोरा जवळजवळ पुरा झाला होता, आता काय होतंय, असं वाटून तिनं खिळ्यावरचा तुकडा काढला आणि माझे डूल केले. उरलेला पातळ भाग कापताना तडकला, तो आंघोळीच्या बंबात गेला. आणि आज सकाळी तिच्या भावाच्या, अजमलच्या, हातून तंबोरा फळीवर आपटला आणि भोपळ्याची कड टवकली. उद्या साताऱ्याहून गाणाऱ्या बाई तो न्यायला येणार. वडील म्हणाले, तुकडा आण. ही म्हणाली, खिळ्यावरनं पडलाय कुठंतरी, शोधते.

"खरं का सांगत नाहीस?" मी विचारलं.

"ताई, दोन महिने झाले मला मागच्या खोलीत पॉलिशला बसू देतायत. आमच्यात मुली कामाला बसत नाहीत. चाचा लोकांनी केवढं ऐकवलं अब्बांना. हे कळलं तर सगळे म्हणतील, बघा, बसवली आणि नुकसान केलं. परत कधी बसू देणार नाहीत."

खरं सांगते, मला आधी राग आला. डूल माझे होते. पहिल्यांदा घातले होते, अजून कुणी नीट बघितले पण नव्हते. दुसऱ्याच्या नुकसानीत माझे कान कशाला? फोन ठेवून मी सासूबाईंना सगळं सांगितलं, थोडं कुरकुरतच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि काठी टेकत उठल्या.

"यमाई कुटं पळून जात न्हाई. गाडी काढ."

"आवं आत्याबाई, पण दर्शन..."

"पोरीला कामावरनं उठवत्यात आन् तू दर्शनाचं काय सांगतीस? चल."

त्यांना लग्नाआधी दोन वर्षं शाळा मिळाली होती आणि मग मेंढरांसाठी शाळेतनं उठवलं होतं, हे मला माहीत होतं. त्यांनी ते पुन्हा सांगितलं नाही. मीही गाडी काढली.

मिस्बाह गल्लीच्या तोंडाशी उभी होती. मागच्या सीटवर येऊन बसली. ओढणीखाली एक पकड आणली होती. तिनं मनात सगळं ठरवलेलं होतं: एका डुलाचं फूल उखडायचं, कडा मोडायच्या, आणि तुकडा फळीखाली सापडला म्हणून वडिलांच्या हातात द्यायचा. मी डावा डूल काढून दिला. देताना जीव तुटला, खोटं कशाला बोलू?

तिनं पकडीत फूल धरलं. दाबलं नाही. सोडलं, पुन्हा धरलं. फुलाला पाच पाकळ्या होत्या आणि प्रत्येक पाकळीच्या मध्ये केसाएवढी काळी रेघ भरलेली होती. मी इतके दिवस ते जवळून बघितलंच नव्हतं.

"मोड की," सासूबाई म्हणाल्या.

"हे माझं पहिलं नीट जमलेलं फूल आहे आजी," मिस्बाह म्हणाली. "याच्या आधीची सगळी बिघडलेली, माझ्या कानातलीपण."

"मग नगं मोडू."

"मग अब्बांना काय सांगू?"

"ते मला काय ठावं? मी मेंढरांतली बाई. पर येवढं झ्याक केलंय आन् त्येलाच लपीवतीस, ह्ये मला काय पटत न्हाई बग."

मिस्बाहनं हातातल्या डुलाकडं बघितलं. मग पकड सीटवर ठेवली, दार उघडलं आणि डूल मुठीत धरून दुकानाकडं चालायला लागली. मी गाडी तिथंच बंद केली आणि सासूबाईंना हाताला धरून मागोमाग गेले. आमचं तिथं काही काम नव्हतं, पण गाडीत बसवेना.

बादशहाभाई जमिनीवर गोधडीच्या घडीवर बसले होते. समोर तो तंबोरा आडवा. कडेला नखाएवढा टवका उडालेला दिसत होता. अजमल कोपऱ्यात खुंट्या घासत होता, मान खाली. मिस्बाहनं वडिलांपुढं मूठ उघडली.

"अब्बा, तुकडा पडला नव्हता. मी घेतला. त्याचं हे केलं. बाकीचा जळाला."

त्यांनी डूल घेतला. चष्मा कपाळावर सरकवला आणि तो कानाजवळ धरून नखानं वाजवला. मग तंबोऱ्याचा भोपळा त्याच नखानं वाजवला. मला दोन्ही आवाज सारखेच वाटले. त्यांनाही वाटले असावेत, कारण त्यांनी मान हलवली. नंतर डूल उजेडात धरून कितीतरी वेळ फूलच बघत राहिले. अजमलचं घासणं थांबलं.

"फूल कुनी बसवलं?"

"मी."

"कुनी शिकवलं तुला?"

"कुनी न्हाई. तुमचं बघून."

"तू कवा आत बसलीस माझं काम बघायला?"

"दारातनं बघायची. लहान असल्यापास्नं."

बादशहाभाईंनी पुन्हा फुलावरनं अंगठा फिरवला. मला वाटलं, आता भडका उडणार. मी पुढं होऊन, चूक माझीच आहे, मीच मागितले, असं काहीतरी बोलणार होते, पण सासूबाईंनी माझा दंड आवळला. त्यांची पकड अजून मेंढी धरायचीच आहे.

"इचारलं का न्हाईस मला?" ते शेवटी म्हणाले.

मिस्बाहनं ओढणी सारखी केली.

"इचारलं असतं तर तुमी नको म्हनला असता."

"व्हय," बादशहाभाई म्हणाले. "म्हनलो असतो."

बाहेरून कुणाची तरी स्कूटर गेली. त्यांनी डूल गोधडीवर ठेवला, चष्मा खाली घेतला आणि मांडी न मोडता तसेच डावीकडं सरकले. घडीचा उजवा अर्धा रिकामा झाला. मिस्बाह उभीच. तिला कळलंच नाही, नाहीतर कळून विश्वास बसला नसेल.

"बस की गं," सासूबाई दारातून म्हणाल्या.

ती बसली. बादशहाभाईंनी बारीक करवत तिच्या हातात दिली.

"फुलाला धक्का लावू नको. खालच्या टोकाकडनं काप, टवक्यापरीस थोडा मोठा. मग घासत घासत आन."

"अब्बा, तुटला तर?"

"पहिल्यांदा तुटतोच. माझाबी तुटला हुता." मग त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडं, म्हणजे माझ्या उजव्या कानाकडं बघितलं. "बाई, तेवढं दुसरंबी द्या. हिच्या हाताशी राहू दे."

मी काढून दिला. या वेळी जीव तुटला नाही. मिस्बाहनं मान वर केली नाही, कारण करवत चालू झाली होती. अजमल सरस गरम करायला उठला. आम्हाला चहा विचारायचं कुणालाच सुचलं नाही आणि आम्हीही तशाच तिथून निघालो.

गाडीत बसताना सासूबाई माझ्या कानांकडं बघून म्हणाल्या, "लय बोडकी दिसतीयास."

"दिसू दे," मी म्हटलं. मिरजेपासून तासगावपर्यंत मी रिकाम्या कानांनी आले. वाटेत भाजी घ्यायला उतरले, ओळखीच्या दोघी भेटल्या, त्यांच्याशी बोलत उभी राहिले, आणि कान झाकायला पदर वर घेतला नाही.