तिऱ्हाइताचा नारळ

जनीनं पाळण्याची दोरी सोडून पलीकडच्या वाशाला बांधली. वारा पडलेला, तरी तिथंही वर पत्र्यावर झावळ्या खरखरल्या. वादळात कललेला शेजारच्या भाऊंचा माड कुंपण ओलांडून तिच्या छपरावर आला होता. वर नारळांचे घोसच्या घोस, खाली बाळंतपणाला आलेली लेक प्राप्ती आणि तिचं तान्हं.

ओटीवर भाऊंचा पुतण्या यशोधन चहा पीत होता. श्रीवर्धनच्या कोर्टात वकील. नवी कोरी गाडी त्यानं नेमकी माडाच्या सावलीत लावलेली.

“तिथं नको लावू, दादा.”

“काही होत नाही हो, मावशी. काकांचा आणि माडावर चढणाऱ्या हिरामणचा करार मीच लिहिलाय. हिरामणनं माड तोडायचा, तुमच्या छपराचा धोका घालवायचा, बदल्यात खोड त्याचं. एकदम पक्का!”

“मग तोडत का न्हाय? त्याला इचारलं, तर म्हनतो भाऊंनी थांबवलंय.”

“काका म्हणतात, नारळ तयार होऊ देत.”

“छप्पर माझं. मी सांगते ना, तोड म्हनून.”

“करारात नाव तुमचं आहे, पण सह्या काकांची आणि हिरामणची. तुम्ही तिऱ्हाईत. तिऱ्हाइताला करारावर हक्क सांगता येत नाही.” त्यानं मजेत चहा फुरकला. “कायदा आहे, मावशी.”

“व्हय. पंगत माझ्या नावाची, आन् पान मलाच न्हाय.”

तेवढ्यात बाहेर धाडकन आवाज झाला. तान्हं दचकून रडायला लागलं. त्याच्या वरताण यशोधनची गाडी कोकलायला लागली. काचेची पार जाळी झाली होती आणि नारळ बॉनेटवर डुलत बसला होता.

“काका!” यशोधन कुंपणाकडे धावला. “आत्ताच्या आत्ता पाडा हा माड!”

“अरे, पण नारळ—” वाडीतून भाऊ ओरडले.

“खड्ड्यात गेले नारळ! माझ्या गाडीचं काय?”

“गाडीची सही हाय का करारात, दादा?” जनीनं अगदी मायेनं विचारलं.

मागून हिरामण आला. पायात माडावर चढायचा दोरीचा फास तसाच. “काय झालं वो?”

जनीनं नारळ उचलला. देठ आपोआप निखळलेला नव्हता. कोयत्याच्या एका घावात सपकन तुटलेला, अजून ओला. तिनं हिरामणकडे पाहिलं. तो समुद्राकडे बघत होता. आत जाऊन तिनं देठ पिरगाळून चुलीत सारला.

संध्याकाळपर्यंत माड वाडीच्या बाजूला आडवा झाला. भाऊंनी त्या नारळाकडं बघायलाही नकार दिला. “तूच ठेव गं तो, जने.”

हिरामण निघताना जनीनं तो नारळ त्याच्या हातात ठेवला.

“ह्यो कशापायी, वहिनी? मला खोड मिळालं की. आन् तुमचा माझा कुठं काय करार हाय?”

“न्हायच ना, म्हनून तर,” जनी म्हणाली, आणि पाळण्याची दोरी सोडून पुन्हा आधीच्या वाशाला बांधायला आत वळली.