दारावरची घंटा

ट्रेमध्ये सात वस्तू होत्या: दोन पकडी, एक आरसा, एक टोकदार सळी, कात्री, कापसाचा बोळा आणि स्टीलची वाटी. इंजेक्शन नव्हतं. खुर्चीत आडव्या पडल्या पडल्या सरूबाईंनी दोनदा मोजून पाहिलं.

गेल्या वर्षी भुलीच्या इंजेक्शनाने त्यांचा श्वास अडकला होता. हृदय अशक्त, म्हणून पूर्ण भूल द्यायला मोठ्या हॉस्पिटलानेही नकार दिला होता. आता दाढेची सूज हनुवटीखाली उतरली होती.

"गळ्यात गेली तर श्वास कोंडेल, मावशी," डॉक्टर अनुपमा म्हणाली. "आजच काढू. संमोहनाने. भिंतीवरच्या त्या ठिपक्याकडे बघा. फक्त माझा आवाज ऐका."

दहा मिनिटांनी तिने हिरडीला सळी टेकवली. सरूबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. नाडी एकशे अठरा.

"लक्ष कुठे होतं, मावशी?"

"ठिपक्यावरच व्हतं गो बाय. पन दाराची घंटा तीनदा वाजली. दुसऱ्यांदा आला तो मानूस लंगडतो. आन् भायेर माजी सून फोनवर माजीच चुगली करतेय."

अनुपमाने घाम पुसला. "कधी एका जागी लक्ष लागतं की नाही तुमचं?"

"बाजारात बसून कसं लागंल? इकरं मांजर, तिकरं गिऱ्हाईक." सरूबाईंनी सुजलेला गाल धरला. बत्तीस वर्षं दहिसरच्या मासळी बाजारात त्यांनी चारी बाजूंना डोळे ठेवले होते. "कोलंबी सोलताना मातर कोनी हाक मारली तरी कलत नाय."

अनुपमा भिंतीपाशी गेली. मग तिने ठिपक्याचा कागद काढून टाकला.

"मग सोलायला बसा. टोपली मांडीवर आहे. तोंड उघडं ठेवा, हात चालू द्या."

सरूबाईंना आधी हसू आलं. मग बोटांना पाण्याचा गारवा लागला. डोकं, साल, पाठीवरचा काळा दोरा. डोकं, साल, दोरा. शेजारच्या घरात कुणी कपाट सरकवावं, तसं जबड्यात काहीतरी करकरत होतं. डोकं, साल, दोरा.

"झालं, मावशी."

सरूबाईंनी डावा हात वर करून तिला थांबवलं. उजवा अंगठा अजून चालत होता. टोपलीत चार उरल्या होत्या. त्या संपल्यावर त्यांनी पदराला हात पुसले आणि डोळे उघडले. दाढ वाटीत पडली होती.

"घंटा किती वेळा वाजली, मावशी?"

कापूस चावलेल्या तोंडाने त्यांनी दाराकडे पाहिलं. "कंदी?"

अनुपमाने कागदावर लिहिलं: वेळ, सोळा मिनिटं. नाडी, ब्याऐंशी. घंटा वाजली, पाच वेळा. ऐकू आली, शून्य.