चाळीस मिनिटं वजा

बांधाच्या तोंडाशी पाटी होती: चारनंतर गाडी नेऊ नये. पलीकडे नारळांची लांब वालुकापट्टी, भरतीला बेट होणारी. सकाळी बांध कोरडा होता. मी कॅरव्हॅन पलीकडे नेली, झाडाखाली लावली आणि साडेतीनला निघायचं ठरवलं.

बाबा गेल्यानंतरचा गाडीतला हा पहिलाच प्रवास, तोही एकटीचा. सांत्वनाच्या फोनांना कंटाळून मोबाइल बंद करून खणात टाकला होता. दोन चादरी धुतल्या, दोरीवर वाळत घातल्या, पुस्तकाची साठ पानं वाचली. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच दुपार नुसती दुपारसारखी गेली.

वेळ बघायला बेसिनवरचं घड्याळ होतं. बाबांनी ते कायम चाळीस मिनिटं पुढे ठेवलेलं. आईच्या आवराआवरीवर त्यांनी काढलेला हा तोडगा. ते सगळ्यांनाच ठाऊक असल्यामुळे आई, मी आणि धाकटा भाऊ मनातल्या मनात चाळीस वजा करायचो, आणि उशीर व्हायचा तो व्हायचाच. तरी बाबांनी काटे कधी मागे घेतले नाहीत. घरात आपली एक तरी युक्ती चालते, एवढं समाधान त्यांना पुरत असावं.

घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. म्हणजे साडेतीन. एक चादर अजून ओली होती. पाचेक मिनिटं थांबू, म्हटलं.

तेवढ्यात पट्टीच्या टोकाला झोपडीत राहणारे जाळीवाले काका आले. सकाळी जाळं विणताना दिसले होते.

“बाई, मुक्काम आहे का?”

“नाही, निघतेच आहे. अर्धा तास आहे अजून.”

“कशाला?”

“बांध बुडायला.”

“बांधावर पाणी चढलंसुद्धा! आमची ही म्हणाली, ती बाई शहाणी दिसते, तिला काय सांगायचं? म्हटलं, बघून तरी येतो.”

मी खणातून मोबाइल काढून चालू केला. चार चौदा. वर पाहिलं. घड्याळातही चार चौदा. त्या दोघांचं एकमत मी जन्मात पाहिलं नव्हतं. निघण्याआधी भावानं गाडी तपासून दिली होती. टायर, तेल, पाण्याची टाकी. आणि हे.

“इथंच राहिले तर?”

“आज उधाण आहे. पाणी या बुंध्यांवर चढतं. आमची झोपडी तेवढी उंचावर. तुम्ही आमच्याकडे राहाल, गाडी कुठं ठेवाल?”

गाडीतलं प्रत्येक फळकूट बाबांनी स्वतः रंधा मारून बसवलेलं होतं. सहा वर्षांचे रविवार.

“नेता येईल?”

“आत्ता येईल. बोलत बसलात तर नाही.”

चादरी दोरीवरच राहिल्या. काका बांबू घेऊन पुढे झाले. बांधाच्या कडा दिसत नव्हत्या, सगळीकडे एकच गढूळ पाणी.

“पहिल्या गियरात या. पाय उचलायचा नाही. मी पडलो तरी थांबायचं नाही.”

“म्हणजे तुमच्या अंगावर घालू?”

“आधी पडू तर द्या!”

मध्यावर पाणी त्यांच्या मांडीला लागलं. ओढीनं ते तिरके चालत होते. डावं चाक घसरलं, मागे कपाट उघडून भांडी कोसळली, इंजिनाचा आवाज घोगरा झाला. काकांनी न वळता उजवीकडे बांबू आपटला, एकदा, पुन्हा एकदा. मी स्टिअरिंग उजवीकडे ओढलं. त्यांची पाठ आणि तो बांबू, याखेरीज मला काही दिसत नव्हतं. मग चाकाला दगड सापडला.

काठावर आल्यावर मी इंजिन बंद केलं. काका खिडकीशी आले.

“अक्कल गहाण टाकली होती का? दुपारभर एवढं जाडजूड पुस्तक वाचत होतात, पाटी तेवढी वाचता आली नाही?”

मोबाइल वाजला. भाऊ.

“ताई, फोन का बंद? आणि घड्याळ बघितलंस का? बरोबर लावून दिलंय.”

बांधाच्या मध्यापासून मी त्याच्यासाठी वाक्यं जुळवत आले होते. एकही बरं नव्हतं.

“कधी लावलंस?”

“तू निघायच्या आदल्या दिवशी. तासभर नुसतं हातात धरून बसलो होतो. मग म्हटलं, आता घाई करायला कोण आहे?”

जुळवलेली वाक्यं मी सोडून दिली.

“संध्याकाळी फोन करते,” मी म्हणाले. “तुला सगळं सांगायचंय. रागावून सांगणार आहे, तयार राहा.”

खाली उतरले. काका कमरेपर्यंत भिजलेले, पलीकडे बघत उभे होते. त्या काठावर एक बाई दोन्ही हात हवेत फेकत होती. मला आत्ता कुठे कळलं.

“तुम्ही परत कसे जाणार?”

“पाणी उतरल्यावर. सहा तास.”

“त्या काय म्हणतायत?”

“ऐकू येत नाही,” गाडीच्या पायरीवर टेकत काका म्हणाले. “तेवढंच सुख. चहा टाका. साखर जास्त.”

मी आत जाऊन फुटक्या कपांतून धड राहिलेले शोधू लागले.